छत्तीस वेढे

फुलसावंगी,
४ डिसेंबर

प्रिय दीपा,

सप्रेम जय भीम.

फोन काहून नाही केला, असं तू म्हणशील. फोनवर आपण दोघं बापलेक कसे बोलतो ते तुले माहीत आहे. तू हं म्हणते, मी बरं म्हणतो, अन् तिसऱ्या मिनिटाले दोघांतल्या एकाचा आवाज चढतो. मंग फोन तुझ्या मायच्या हातात जातो अन् तुम्ही मायलेकी हळदी-तिखटापासून शेजारच्यांच्या म्हशीपर्यंत अर्धा तास बोलता. कागदावर मले मधात तोडणारं कोणी नाही. तुझी माय समोर बसून मोटरीच्या खाचांत घालाचे कागद कापून राह्यली आहे. दर चार ओळींनी विचारते, आता काय लिहिलं? मी म्हणतो, तुझ्या तक्रारी लिहून राह्यलो. ती हसत नाही. तू रुसून गेली तेव्हापासून माझ्या गमतीले तिचं हसणं बंदच आहे.

आधी कामाचं सांगतो. नव्या उपकेंद्राची लाइन वीस तारखेले सगळ्या शिवारात सुरू होणार, असं शाम लाइनमन सांगून गेला. तुले काय सांगाचं, लाइन तुझ्याच हाताखाली उभी राह्यली. त्या दिवशी तारेत पूर्ण चारशे पंधरा व्होल्ट येतील, अन् मी तार गुंडाळून भरलेल्या अडतीस मोटरी जशाच्या तशा राह्यल्या तर दुपारच्या जेवणाच्या आत जळतील. ते बी ऐन गव्हाच्या पाण्यात! अन् लोक म्हणतील, दीपा मॅडमच्या लाइनीनं जाळल्या. म्हणून पंधरा दिवसांपासून मी दुसरं कोणतंच काम हातात घेतलं नाही. अडतीसपैकी एकतीस झाल्या, सात राह्यल्या. वीस तारखेच्या आत सातही होतील, मले ताप येवो नाही तर खोकला. हे मी तुले विचारून नाही राह्यलो, सांगून राह्यलो.

आपलं ज्या दिवशी बिनसलं तो दिवस मी रोज आठवतो. तू पुसदले वीज कंपनीत नवीनच रुजू झालती अन् रविवारी घरी आलती. दुकानात तांड्याचे नाईक नेमसिंगभाऊ बसले होते, अन् त्यांच्या पाच एचपीच्या मोटरीत मी कॉइली भरत होतो. तू उभ्या उभ्या एका कॉइलचे वेढे मोजले. छत्तीस. मंग भिंतीकडं वळली. मी प्रत्येक मोटरीतून निघालेली एक जुनी कॉइल मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधून भिंतीले टांगतो, हे तू लहानपणापासून पाहत आली. नेमसिंगभाऊंची कॉइल तू खाली काढली, मोजली, अठ्ठेचाळीस निघाले. विचारलं, बाबा, बारा वेढे कमी काहून केले? मी छाती फुगवून सांगितलं की आपल्या शेतात चारशे पंधरा येतात कुठं? तीनशे दहा आले तर दिवाळी. वेढे कमी केले अन् तार जाड घेतली की तेवढ्यातही मोटर जोर करते, पाणी वर फेकते. तू सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, आजच्या लाइनीले हे बरोबर आहे बाबा, पण उद्या पूर्ण व्होल्टेज आलं तर एवढ्या कमी वेढ्यांले ते सोसणार नाही, मोटर गुणगुणेल, तापेल अन् जळेल. तू हळू बोलत होती, अदबीनं बोलत होती. पण नेमसिंगभाऊ माझ्याकडं टक लावून पाहत होते, अन् मले तेवढंच दिसलं. मी म्हणालो, तीस वर्षांत आलं नाही ते व्होल्टेज आता तुझ्या पायगुणानं येईल काय? चार बुकं शिकली अन् बापाले वाइंडिंग शिकवाले आली! तू कॉइल परत खिळ्याले अडकवली. मायनं वाढलेलं ताट तसंच राह्यलं अन् तू दुपारच्या एसटीनं निघून गेली.

तू चुकीचं बोलली असती तर मले एवढा राग आला नसता, हे आता लिहिताना लाज वाटते. मले ठाऊक होतं. आपल्या दुकानातली लाइन गावठाणातली, इथं चारशेच्या आसपास येतात. मोटर भरून झाली की मी ती दोन मिनिटं फिरवून पाहतो, तेवढ्यातही ती गुणगुणायची अन् हात लावला तर गरम लागायची. मी आपल्या मनाले सांगायचो, शेतावर गेली की हा आवाज राहणार नाही. खरंच राहत नव्हता. अशी तीस वर्षं काढली मी.

पण पोरी, माझ्या छत्तीस वेढ्यांले तू नुसती चूक म्हणू नको. एवढं मी अजूनही भांडून सांगीन. रुपीबाईची विहीर तुले माहीत आहे, तांड्याच्या पार पलीकडं, लाइनीच्या शेपटाले. तू पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. तिनं नवी कोरी मोटर आणली, बटन दाबलं की मोटर नुसती कण्हायची, दांडा काही फिरायचा नाही. जिथून घेतली तिथले म्हणाले, मोटर बरोबर आहे. तिकडं मिरची सुकून राह्यली होती अन् रुपीबाई बांधावर बसून आभाळाले शिव्या देत होती. मी मीटर लावलं, दोनशे साठ व्होल्ट. मोटर उघडली, अठ्ठेचाळीसचे तीस केले, तार जाड घातली अन् परत बसवली. पाणी असं आलं की पाइप हातातून सुटला. रुपीबाईनं माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. व्होल्टेज अर्धं झालं तर मोटरीचा जोर पावच राहतो, हे गणित मले तेव्हा कोणी शिकवलं नव्हतं. तारेत दम नसला तर वेढे कमी कराचे, एवढं हातानं शिकलो. पार बोरी अरब गावाहून लोक माझ्याकडं मोटरी घेऊन आले ते उगाच नाही आले. वाइंडिंग चांगलं होतं. ते वाईट लाइनीसाठी चांगलं होतं, अन् लाइन सुधारणार हे मानाले मी तयार नव्हतो.

मंग तुम्ही दहा नोव्हेंबरले धावजीच्या शेतातल्या डीपीवर नवी लाइन दिवसभर जोडून पाह्यली. दुपारी धावजी ऑटोत मोटर टाकून दुकानात आला. उकंडाभाऊ, नव्या लाइनीनं खाल्ली ना मोटर, म्हणे. मी झाकण उघडलं. जळक्या वार्निशचा वास भप्पकन अंगावर आला. एखादी फेज गेली असती तर कुठं ना कुठं काही कॉइली कोऱ्या राह्यल्या असत्या. इथं सगळ्या सारख्याच काळ्या, म्हणजे जास्त व्होल्टेजनंच जळलेल्या. संध्याकाळपर्यंत आणखी दोन आल्या, तशाच. तिन्ही मी भरलेल्या, तिन्ही छत्तीसच्या. धावजीनं विचारलं, काय झालं असंल? मी म्हणालो, पाहतो. बस, एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशीपासून पानठेल्यावर अन् बाजारात एकच बोलणं, उकंडाच्या पोरीची लाइन मोटरी जाळून राह्यली. तुम्हाले लाइन परत जुनीवर घ्यावी लागली. पुढच्या बाजाराच्या दिवशी तुझी माय भाजी न घेताच घरी आली. तिनं रिकामी पिशवी खुंटीले अडकवली अन् मले सरळ विचारलं, त्या तीन मोटरी कितीच्या होत्या? मी म्हणालो, छत्तीसच्या. मंग पोरीचं नाव काहून घेऊन राह्यले लोक? तिनं स्टूल ओढला अन् भिंतीवरच्या कॉइली एक एक करून खाली काढाले लागली. चिठ्ठी वाचायची, ही मोटर अजून चालू आहे का विचारायची, अन् बाजूले ठेवायची. तिची मोजणी तुले माहीत आहे, विसाविसानं. शेवटी म्हणाली, त्या तीन सोडून एक वीस अन् अठरा. आता बसा कामाले.

मी बसलो. आधी तुझी कॉलेजची वही काढली, माळ्यावरच्या पेटीतली निळी. इंग्रजी मले अर्धंमुर्धं लागते, पण तुझी चित्रं साफ आहेत. तीन गुंडाळ्यांचा त्रिकोण म्हणजे डेल्टा, अन् तिन्हींची एकेक टोकं मधात बांधली की स्टार. बांधणी मी हजार वेळा केली असंल, पण आकडा लावून कधी पाह्यलं नव्हतं. डेल्टात प्रत्येक गुंडाळीले पूर्ण चारशे पंधरा मिळतात, स्टारमध्ये तिच्या वाटणीले दोनशे चाळीसच येतात. अन् रुपीबाईसारख्या शेपटावरच्या मोटरी मी भरल्या दोनशे साठवर! अरे बापा! म्हणजे त्यांले उघडाचंही काम नाही. वरच्या डब्यातल्या तीन पितळी पट्ट्या उभ्या आहेत त्या आडव्या केल्या की डेल्टाचा स्टार झाला. जळणार नाही, अन् जोर कमी होईल तो इतका थोडा की पाण्यात कळणार नाही. खात्री म्हणून तशी एक मोटर दुकानात आणून स्टारमध्ये तासभर चालवली. गुणगुण नाही, ताप नाही. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. तुझी माय म्हणाली, हे पोरीले फोन करून सांगा. मी नाही केला. आता लिहून राह्यलो.

तशा अकरा मोटरी निघाल्या. पण त्यांच्या पट्ट्या आजच बदलून चालत नाही, कारण जुन्या मरतुकड्या लाइनीवर स्टार केला तर जोर तिसरा हिस्साच राहील अन् पाणी विहिरीतच राहील. बदलाच्या त्या लाइन आल्या दिवशीच. एका सकाळी अकरा विहिरी मी कशा गाठणार? म्हणून मी मालकांलेच शिकवाले लागलो. रुपीबाई आता सत्तरीची आहे. मेन स्विच बंद करून तिनं तीन वेळा पट्ट्या उभ्याच्या आडव्या अन् आडव्याच्या उभ्या करून दाखवल्या. मले म्हणे, एवढ्याशा कामाले तुले इतके दिवस लागले का रे? मी बजावलं, मेन बंद न करता डबा उघडला तर काठी घेऊन येईन. ती म्हणे, काठी माझ्याकडंच आहे, तू रिकाम्या हातानं ये.

छत्तीसच्या मोटरीवर हाच इलाज चालेल असं मले वाटलं अन् तिथं मी तोंडावर पडलो. तांड्यातल्या बसंतीबाईच्या चक्कीची मोटर छत्तीसची. ती मोटर आपल्या गावठाणातल्या चांगल्या लाइनीवर आणून रामधनच्या चक्कीवर चढवली अन् स्टारमध्ये सुरू केली. चक्कीचे दगडी पाटे रिकामे होते तोवर झकास फिरली. ज्वारी आत पडली अन् मोटर कण्हाले लागली, पट्टा घसरला, मोटर थांबली. तीनशे दहावर भरलेल्या गुंडाळीले दोनशे चाळीस देऊन मी तिच्याकडून दळण मागत होतो! जोर साठ टक्क्यांवर आला होता, तेही मी तुझ्या वहीत मांडून पाह्यलं. बसंतीबाई तिथंच उभी होती. म्हणाली, आमच्या तांड्यानं काय वीस तारखेपर्यंत ज्वारी चावून खावाची? मी म्हणालो, उद्या देतो. अन् दिली. पूर्ण मोकळी केली, बारीक तार घेतली, तुझ्या मायनं कॉइल गुंडाळाचा फर्मा फिरवत मोठ्यानं वेढे मोजले, दोन विसा अन् आठ, दोन विसा अन् आठ. जुन्या लाइनीवर तिले सध्या थोडं थोडंच धान्य टाकून दळावं लागते, पण जळून जाण्याची भीती गेली. छत्तीसच्या सगळ्या मोटरी आता अशाच कराव्या लागतात, अन् तीन एचपीच्या लहान मोटरी तर आधीच आतून स्टारमध्ये असतात, त्यांलेही दुसरा इलाज नाही. जुनी जाड तार मोडीत देतो, नवी आणतो, मजुरी कोणाकडून घेत नाही. भरलेल्या मोटरी भिंतीपासून दारापर्यंत ओळीनं मांडल्या आहेत. चहा घ्यावा तर पाय वाकडा करून बसावं लागते.

आता नेमसिंगभाऊंचं सांगतो. लोकांले मी सांगत होतो की नव्या लाइनीसाठी मोटर नवी करून देतो, गव्हाले एक पाणी द्या अन् मोटर काढून आणा. फुकट म्हतल्यावर कोणी जास्त विचारलं नाही. नेमसिंगभाऊंनी विचारलं. काल त्यांच्या बांधावर गेलतो. म्हणाले, उकंडा, तू आजवर कोणाले बोटभर ग्रीस फुकट लावलं नाही, अन् आता अख्खी मोटर भरून देऊन राह्यला? खरं सांग, नाही तर मोटर जागची हलणार नाही. मी तिथंच मातीत बसलो. सगळं सांगितलं, छत्तीस वेढे, गुणगुण, धावजीची मोटर, सगळं. तुझ्या मायशिवाय दुसऱ्या कोणाजवळ पहिल्यांदाच बोललो. नेमसिंगभाऊंनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मंग म्हणाले, म्हणजे त्या दिवशी माझ्यासमोर पोरगी बरोबर बोलली होती? मी म्हणालो, हो. अन् माझ्यासमोर तू तिले हाकललं? मी म्हणालो, हो. ते उठले, पाना घेऊन आले अन् मोटरीचे बोल्ट स्वतः ढिले कराले लागले. मोटर ऑटोत चढवून दिल्यावर म्हणाले, हे झालं मोटरीचं. त्या कागदाचं काय करशील?

तर आता त्या कागदाचं लिहितो. एवढं लांबण लावलं ते इथं पोचाले घाबरत होतो म्हणून. चौदा नोव्हेंबरले धावजी अन् सात-आठ जण टाइप केलेला अर्ज घेऊन दुकानात आले. नवी लाइन सदोष आहे, संबंधित अभियंत्यावर कारवाई व्हावी. म्हणाले, भाऊ, मोटरीतलं तुमच्यापेक्षा जास्त कोणाले कळते, पहिली सही तुमचीच पाह्यजे. धावजीची मोटर माझ्यासमोर उघडी पडली होती. मी सही केली. पोटच्या पोरीविरुद्ध, खोटं आहे हे माहीत असून केली. त्या अर्जाची नक्कल तुले मिळाली असंल. बापाची सही पोरगी ओळखणार नाही काय? तरी तू जे लेखी उत्तर दिलं त्यात माझ्या वाइंडिंगचा एक शब्द नाही, मोटरी जळल्याचं कारण तपासात आहे एवढंच लिहिलं, हे शामनं मले सांगितलं. तुले तर कारण दोन वर्षांपासून माहीत होतं. तू मले झाकलं अन् ठपका आपल्या अंगावर घेतला. बस झालं आता. येत्या सोमवारी साहेब लोक उपकेंद्रावर अर्जदारांचं ऐकाले येणार, अन् पहिली सही माझी म्हणून पहिला मलेच बोलावतील. मी सांगणार आहे की लाइन चांगली आहे, मोटरी मी भरल्या, अन् पोरीनं मले आधीच सावध केलं होतं. नेमसिंगभाऊ सोबत येतात. धावजी शिव्या देईल, त्या मी ऐकून घेईन. तू फक्त एक कर, मी बोलत असताना मले वाचवाले मधात पडू नको, खुर्चीवर ताठ बसून राह्य. माफी मी ह्या कागदावर मागत नाही. तुझा अपमान मी लोकांसमोर केला होता, माफीही सोमवारी लोकांसमोरच मागीन.

तुझाच,
बाबा